जळलेल्या माळावर जनावरं कधी सोडावीत?

अहमदपूरच्या आसपास, बालाघाटच्या डोंगरांवर, दिवाळीनंतर गवत पिवळं पडतं आणि माघ-फाल्गुनात एखादा माळ पेटतो. कुणी विडीचं थोटूक टाकलेलं असतं, कुणी बांध जाळताना आग पसरलेली असते. कोवळा फुटवा लवकर यावा म्हणून मुद्दामही गवत पेटवलं जातं. दुसऱ्या दिवशी सगळं काळंठिक्कर. तरी पाऊस पडला की त्याच माळावर हिरवे कोंब दिसतात. ते येतात कुठून?

गवताचा वाढणारा भाग पानाच्या टोकाशी नसतो, बुडख्यात, जमिनीलगत असतो. म्हणून तर गाईनं किंवा घोड्यानं शेंडा खाल्ला तरी गवत वाढत राहतं. माती उष्णता फार हळू वाहून नेते. वाळलं गवत भराभर जळून आग पुढे सरकते, तोवर दोन-तीन सेंटिमीटर खाली तिची झळ फारशी पोचलेलीच नसते. कुसळीच्या बियांची सोय तर आणखी मजेदार. आपल्या कपड्यांत अडकणारी तिची शेपटी ओली झाली की उलगडते, सुकली की पिळते. या फिरण्यानं बी मातीत शिरतं. वर्गात एका कुसळावर पाण्याचे थेंब टाकून पाहाच!

मग काळजी कशाची? गवतातला बराचसा नायट्रोजन धुरावाटे जातो, राखेत पोटॅशियम-कॅल्शियम उरतं. पण उघड्या उतारावर वळवाचा पाऊस आदळला की ती राख आणि मुरमावरचा मातीचा पातळ थर दोन्ही ओढ्याला जातात. त्याहून मोठी अडचण पुढची. पहिले कोंब मुळांत साठवलेल्या अन्नावर फुटतात. पानांनी ही उधारी फेडण्याआधीच जनावरं सोडली, आणि असं वर्षानुवर्षं झालं, तर पवना, मारवेल यांसारखी टिकाऊ, सकस गवतं मागं पडतात आणि तरोटा माजतो.

अमेरिकेच्या पश्चिम भागातले रानघोडे (खरं तर स्पॅनिश लोकांनी नेलेल्या पाळीव घोड्यांचे वंशज, त्यांना 1971च्या कायद्यानं संरक्षण मिळालं) नेमक्या याच पेचात सापडतात. तिथं वणव्यानंतर चीटग्रास नावाचं परकं, हंगामी गवत फोफावतं. ते लवकर वाळतं आणि पुन्हा पेटतं. म्हणून टिकाऊ गवतांचं बी पेरतात, कधी विमानातूनही, आणि साधारण दोन हंगाम चराई बंद ठेवतात.

आपल्याकडे रानघोडे नाहीत. त्यांचे जवळचे भाऊबंद, घुडखर, कच्छच्या छोट्या रणात आहेत. पण माळेगावच्या यात्रेत विकायला येणारे घोडे, लाल कंधारी गुरं, मेंढ्या आणि माळावरची काळविटं, सगळ्यांची भिस्त गवतावरच. माळ बंद केला तर मेंढपाळानं जायचं कुठं? आम्हांला वाटतं, सगळा माळ एकदम बंद करू नये. जळलेला तुकडा बी पडेपर्यंत राखावा, उरलेला चराईला द्यावा, आणि गवत वाळण्याच्या सुमारास जाळरेषा काढाव्यात. जळक्या माळावर खड्डे खणून झाडं लावण्याचा उत्साह मात्र आवरावा. माळ म्हणजे उजाड झालेलं जंगल नव्हे. चंडोल, टिटवी जमिनीवरच घरटी करतात; त्यांना मोकळा माळच लागतो.

शाळेजवळ असा माळ असेल तर मालकाला विचारून एक मीटरचे दोन चौरस आखा. एकाला काट्यांचं कुंपण घाला, दुसरा मोकळा ठेवा. पहिल्या पावसापासून पोळ्यापर्यंत दर आठवड्याला दोन्हींतले फुटवे मोजा आणि कोणतं गवत किती, तेही वहीत लिहा.