वेगवान भाषा की पटकन लिहिता येणारी भाषा? आधी हिशोब मांडूया



मुलं कोडिंग शिकू लागली की एक प्रश्न हमखास येतो: "सी भाषा वेगवान आहे म्हणतात, मग पायथॉन कशाला शिकायची?" प्रश्न रास्त आहे, पण अर्धाच आहे. वेग कुणाचा मोजायचा? संगणकाचा की प्रोग्राम लिहिणाऱ्या माणसाचा?

सी भाषा डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल लॅब्समध्ये तयार केली. सी मधला प्रोग्राम चालवण्याआधीच यंत्रभाषेत बदलला जातो, म्हणून तो झपाट्याने चालतो. मात्र मेमरीची काळजी लिहिणाऱ्यालाच घ्यावी लागते. पायथॉन १९९१ मध्ये आली. तिच्यात प्रोग्राम चालू असतानाच इंटरप्रिटर सूचनांचा अर्थ लावत जातो, म्हणून ती हळू. पण तेच काम थोड्या ओळींत होतं आणि चुका लवकर सापडतात.

आता हिशोब करू. समजा, शाळेचा निकाल लावणारा प्रोग्राम पायथॉनमध्ये लिहायला २ तास लागले आणि तो १० सेकंदांत चालतो. सी मध्ये लिहायला ८ तास लागले आणि तो १ सेकंदात चालतो. म्हणजे दर वेळी ९ सेकंद वाचतात, पण लिहिताना ६ तास, म्हणजे २१,६०० सेकंद जास्त गेले. २१,६०० भागिले ९ बरोबर २,४००. इतक्या वेळा प्रोग्राम चालवला तरच ते तास भरून निघतील! निकाल वर्षातून चारदा लागत असेल, तर ६०० वर्षं लागतील. पण तोच प्रोग्राम रोज हजार वेळा चालत असेल, तर तिसऱ्याच दिवशी वसुली होते.

मोठ्या कंपन्यांनाही हे गणित चुकलेलं नाही. फेसबुक २००४ मध्ये पीएचपी या हळू, पण पटकन लिहिता येणाऱ्या भाषेत सुरू झालं. वापर प्रचंड वाढल्यावर २०१० मध्ये त्यांनी पीएचपीचं सी++ मध्ये रूपांतर करणारं साधन जाहीर केलं. आधी काम उभं केलं, वेग नंतर वाढवला.

अर्थात वॉशिंग मशीनमधली छोटी चिप किंवा लिनक्सचा गाभा असेल, तर सी सारखी भाषाच शोभते. शिवाय दोन्हींची सांगडही घालता येते: पायथॉनच्या 'नमपाय' या गणिती लायब्ररीचा आतला बराचसा भाग सी मध्येच आहे.

तेव्हा मुलांना "कोणती भाषा भारी?" असं विचारू नका. "हा प्रोग्राम किती वेळा चालणार?" असं विचारा. वरचे आकडे बदलून हेच गणित त्यांना सोडवायला द्या. भाषा कशी निवडायची, ते त्यांचं त्यांनाच उमगेल.