*एआय सांगतंय म्हणून पैसे टाकायचे का?*



या आठवड्यात तिघांनी मला एकाच ग्रुपचा स्क्रीनशॉट पाठवला. “आमचं एआय शेअर निवडतं, रोज 1 टक्का नफा नक्की.” प्रश्न एकच: सर, थोडे टाकू का?

आधी हिशोब करू. 1 लाखावर रोज 1 टक्का, नफा परत त्यातच ठेवला, तर 365 दिवसांत होतात जवळपास 37 लाख 78 हजार. असं यंत्र ज्याच्याकडे आहे, तो तुमच्या 50 हजारांसाठी मेसेज कशाला करेल?

बुलेट ट्रेनला जमीन गेली त्यांच्याकडे मोबदल्याची रक्कम आहे. ती एकदाच मिळते, म्हणून हा मेसेज.

*एआयचा उपयोग कुठे?*
जुन्या माहितीवरून ते अंदाज बांधतं. उद्याचा भाव त्यालाही माहीत नसतो, आणि कधीकधी चुकीचा आकडाही ठासून सांगतं. म्हणून आकडे आपले द्या, मांडणी त्याच्याकडून घ्या. मराठीत बोलून विचारा: “मोगऱ्याला ठिबक करायचंय. खर्च इतका, वर्षाचं उत्पन्न इतकं. भाव 30 टक्के पडला तर पैसे किती वर्षांत निघतील?” भाव मात्र दादर फूलबाजारातल्या आपल्या व्यापाऱ्यालाच विचारा. आलेला हिशोब वहीत एकदा स्वतः करून बघा.

*शेअरचा सल्ला आला तर*
1. सेबीच्या वेबसाइटवर नोंदणी तपासा. गुंतवणूक सल्लागाराचा क्रमांक ‘आयएनए’ने सुरू होतो. नाव आणि क्रमांक दोन्ही जुळले पाहिजेत.
2. नोंदणी असलेल्यालाही नफ्याची हमी देता येत नाही. तो एआय वापरत असेल तर ग्राहकाला सांगणं बंधनकारक आहे, आणि सल्ल्याची जबाबदारी त्याचीच.
3. व्हिडिओवर जाऊ नका. 2024 मध्ये एनएसईचे प्रमुख आणि रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर यांचेही बनावट व्हिडिओ फिरले. दोन्ही संस्थांना लोकांना सावध करावं लागलं.
4. कुणाच्या खासगी खात्यात पैसे पाठवू नका.

पैसे गेलेच तर लाजू नका. लगेच *1930* वर फोन करा आणि बँकेला कळवा. जितकं लवकर कळवाल, तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

असा मेसेज आला तर घरात बोला, एक रात्र जाऊ द्या. स्क्रीनशॉट मला पाठवा, पण पैसे पाठवायच्या *आधी*.

– तुमचा कृषी सल्लागार