ट्रॉलीचे ब्रेक : दोष कोठे आहे हे कसे ओळखावे

उसाचा हंगाम सुरू झाला की साखर कारखान्यांच्या रस्त्यांवर भरलेल्या ट्रॉल्यांची रांग लागते. ओढ्याच्या उतारावर पुढचे वाहन अकस्मात थांबते. चालक पेडल दाबतो, ट्रॅक्टरची चाके आवळली जातात. परंतु मागील ओझे त्यास पुढे रेटीतच राहते. अशा वेळी ट्रॅक्टर आडवा फिरून उलटण्याचा संभव असतो. त्यातून बचावलेला चालक ‘ब्रेक लागत नाहीत’ एवढेच सांगतो आणि ट्रॅक्टरचे लायनर बदलले जातात. दोष ट्रॉलीत असल्यास तो खर्च वाया जातो व धोका तसाच राहतो. म्हणून दोष कोणत्या भागात आहे, हे प्रथम ठरविणे अगत्याचे होय.

याकरिता ट्रॉली सोडून केवळ ट्रॅक्टर मोकळ्या, सपाट जागी सावकाश चालवावा. शेतात वळण्यासाठी उजव्या व डाव्या चाकाची पेडले स्वतंत्र असतात. रस्त्यावर ती कडीने एकत्र जोडलेलीच असली पाहिजेत. ब्रेक दाबताच ट्रॅक्टर एका बाजूस ओढला गेल्यास दोन्ही बाजूंचे ब्रेक समान लागत नाहीत असे समजावे. तो सरळ थांबत असेल तर रिकामी ट्रॉली जोडून तीच परीक्षा पुन्हा घ्यावी. आता मागून धक्का बसल्यास ट्रॉलीचे ब्रेक उशिरा किंवा अपुरे लागतात. उलट, मागे हिसका बसून ट्रॉलीची चाके घसटत आल्यास ते प्रमाणाबाहेर कसलेले आहेत, असे अनुमान करावे.

तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचे पेडल स्पंजासारखे मऊ लागल्यास नळीत हवा शिरलेली असते. ती काढून टाकावी. दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली जात असल्यास तेल गळत आहे किंवा आतील रबरी सील झिजले आहे, असे समजावे. नळीचे सांधे व चाकांची आतील बाजू तपासावी. उत्पादकाच्या पुस्तिकेत सांगितलेलेच तेल घालावे. भलत्या तेलाने रबरी सील फुगून निकामी होतात. हवेच्या दाबाच्या ब्रेकमध्ये सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे आल्यास तेथे गळती आहे. हवेच्या टाकीत साठलेले पाणीही नियमाने सोडून द्यावे.

थोडे अंतर चालून आल्यावर प्रत्येक ड्रमजवळ, स्पर्श न करता, हात न्यावा. एकच ड्रम फार तापलेला असेल तर त्याचे ब्रेक सुटत नाहीत. स्प्रिंग तुटली असेल किंवा कसणी अधिक झाली असेल. ब्रेक लावूनही एखादा ड्रम थंडच राहिल्यास त्या चाकाचे ब्रेक लागतच नाहीत. लायनरवर तेल किंवा ग्रीस पडले असल्यास पुसून भागत नाही. गळती बंद करून लायनर बदलावे लागते. चाक उचलून काम करताना ट्रॉली रिकामी असावी आणि उरलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत. केवळ जॅकच्या आधारावर कोणीही खाली शिरू नये.

ब्रेक निर्दोष असले तरी वेगास मर्यादा हवी. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबण्यास लागणारे अंतर सुमारे चौपट होते. उताराच्या माथ्यावरच खालचा गिअर टाकावा. उतारावर क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये गाडी कदापि सोडू नये.

ज्या ट्रॉलीस ब्रेकच नाहीत, तिचा सर्व भार ट्रॅक्टरच्या ब्रेकवर पडतो. अशा ट्रॉलीस हंगामापूर्वीच जाणत्या कारागिराकडून योग्य ब्रेक बसवून घ्यावेत. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पहिली खेप निघण्याआधी एक दिवस ठरवून गावातील सर्व ट्रॉल्या एका मैदानात आणवाव्यात व वरील परीक्षा चालकांकडूनच करवून घ्यावी. सकाळचे दोन तास त्यासाठी गेले तरी चालतील. उसाची खेप थोडी उशिरा पोचेल, परंतु चालक सुखरूप घरी परतेल.