ओळख लिनक्सची (लेखांक ११) : पासवर्ड विसरलात तर

मागच्या लेखांकात रूट हा सर्वाधिकारी वापरकर्ता म्हणजे कोण आणि सुडो हे त्याचं मुखत्यारपत्र कसं, ते पाहिलं. तो लेख छापून आला त्याच आठवड्यात आमच्या भागातल्या वाचनालयातून फोन आला. पुस्तकांची सगळी नोंद तिथल्या एका उबुंटू संगणकावर आहे. जुने ग्रंथपाल निवृत्त झाले, नव्या ताई आल्या, आणि संगणक काही आत घेईना. सरांना विचारलं तर म्हणाले, "अहो, पासवर्ड डोक्यात कधी नव्हताच, बोटांत होता. आता बोटंही विसरली."

अशा वेळी आधी कळफलकाकडे बघावं. मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट बसवलेलं असतं. लॉगिनच्या पडद्यावर ते चालू राहिलं, की इंग्रजी समजून दाबलेल्या कळा देवनागरी अक्षरं टाकत राहतात. दिसतात नुसते ठिपके, त्यामुळे चूक कळत नाही. कोपऱ्यातल्या भाषेच्या चिन्हावरून इंग्रजी निवडा, कॅप्स लॉक तपासा. टर्मिनलवर तर ठिपकेही उमटत नाहीत. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी कळफलक बिघडला असं समजून नवा विकत आणला होता.

वाचनालयात तसलं काही नव्हतं. पासवर्ड खरोखरच गेला होता. मग जुना शोधण्याच्या नादी लागू नये, कारण तो संगणकात नसतोच. शॅडो नावाच्या फाइलमध्ये असतं ते त्याचं पीठ. गव्हाचं पीठ होतं, पिठाचा गहू होत नाही. आपण पासवर्ड टाकला की लिनक्स तो पुन्हा दळून बघतं आणि दोन्ही पिठं जुळली तर आत सोडतं. दळताना त्यात चिमूटभर मीठही घालतात. हा माझा विनोद नाही. तंत्रज्ञ त्याला 'सॉल्ट'च म्हणतात. दोघांचा पासवर्ड एकच असला तरी मीठ वेगळं, म्हणून पीठ वेगळं. रॉबर्ट मॉरिस आणि केन टॉम्पसन यांनी १९७९च्या त्यांच्या प्रसिद्ध निबंधात ही युक्ती मांडली. तेव्हा मिठाचे ४,०९६ प्रकार होते.

याच टॉम्पसन यांच्या पासवर्डाचं पीठ युनिक्सच्या एका जुन्या आवृत्तीत राहून गेलं होतं. सुमारे चाळीस वर्षांनी, २०१९ साली, एका हौशी माणसाने ग्राफिक्स कार्ड जुंपून एकामागून एक अंदाज दळायला घेतले. चार दिवसांहून अधिक काळ यंत्र चाललं आणि पासवर्ड सापडला : बुद्धिबळातली वजिरापुढचं प्यादं दोन घरं सरकवण्याची चाल, जुन्या लेखनपद्धतीत, शेवटी उद्गारचिन्हासह. बेल हे बुद्धिबळ खेळणारं यंत्र घडवणाऱ्या माणसाला शोभेलसाच! पण तो आठ अक्षरांचा होता आणि दळण्याची पद्धतही जुनी. आजच्या पद्धती मुद्दाम संथ ठेवलेल्या असतात.

म्हणून आपण जुना शोधायचा नाही, नवा बसवायचा. पासवर्ड विचारणारा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, नसतो, हे इथे ध्यानात घ्यायचं. कर्नल जागा झाला की तो एकच कार्यक्रम सुरू करतो आणि बाकी सारं त्याच्यावर सोपवतो. एरवी तो कार्यक्रम म्हणजे सिस्टिमडी. तोच पुढे देवडीवर पहारेकरी बसवतो आणि तो पहारेकरी पासवर्ड मागतो. कर्नलला सांगितलं, की सिस्टिमडी राहू दे, थेट बॅश हा आज्ञा घेणारा कार्यक्रम सुरू कर, तर पहारेकरी येतच नाही आणि आपण रूट म्हणून आत असतो.

करायचं असं. संगणक सुरू होताना शिफ्ट दाबून धरा. नव्या, यूईएफआयच्या संगणकांवर एस्केप. लिनक्स सुरू करून देणाऱ्या ग्रब या कार्यक्रमाची यादी दिसेल. पहिल्या ओळीवर राहून ई ही कळ दाबा. 'लिनक्स' शब्दाने सुरू होणारी लांबलचक ओळ शोधा. तिच्यातलं आरओ खोडून आरडब्ल्यू करा, आणि ओळीच्या शेवटी एक जागा सोडून इनिट=/बिन/बॅश लिहा. (आज्ञा इथे देवनागरीत छापल्या आहेत, टाइप करताना रोमन लिपी, लहान अक्षरं.) मग कंट्रोल आणि एक्स. हा बदल तेवढ्या एका वेळेपुरता असतो, चुकलं तर पुन्हा सुरू करा, काही बिघडत नाही.

काळ्या पडद्यावर एलएस /होम दिलं की खात्यांची नावं दिसतात. मग पी-ए-एस-एस-डब्ल्यू-डी, एक जागा, खात्याचं नाव. नवा पासवर्ड दोनदा. 'ऑथेंटिकेशन टोकन मॅनिप्युलेशन एरर' असं भयंकर काही आलं, तर बहुधा अर्थ एवढाच, की डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडली आहे, म्हणजे आरडब्ल्यू करायचं राहिलं. शेवटी सिंक देऊन संगणक बंद करून पुन्हा सुरू करायचा. फेडोरा आणि रेड हॅटच्या घराण्यात एसईलिनक्समुळे पद्धत थोडी निराळी आहे, तिथे ही कृती जशीच्या तशी वापरू नका.

वाचनालयात हे सगळं दहा मिनिटांत झालं. त्याआधी मी समितीच्या सचिवांकडून चार ओळींचं पत्र मात्र घेतलं. ताईंना ते जरा अति वाटलं. पण वाईट हेतूने परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधल्या कलम ६६ खाली गुन्हा आहे, आणि हेतू काय होता ते कागद सांगतो.

नव्या पासवर्डने आत गेल्यावर एक पडदा आडवा आला : कीरिंगसाठी जुना पासवर्ड द्या. ब्राउझरने साठवलेले पासवर्ड या जुडग्यात असतात आणि ते जुन्या पासवर्डानेच बंद झालेलं असतं. ते टाकून नवं करावं लागलं. म्हणजे फायली मिळाल्या, वाचनालयाच्या ईमेलचा साठवलेला पासवर्ड गेला.

ताईंनी मग नेमका प्रश्न विचारला : "एवढं सोपं असेल तर चोरालाही सोपंच की!" आहेच. ग्रबला स्वतःचा पासवर्ड घालता येतो, पण चोर पेनड्राइव्हवरचं लिनक्स लावेल, नाहीतर डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडेल. यंत्र हातात असलेल्यापुढे लॉगिनचा पासवर्ड म्हणजे नुसती कडी. खरं कुलूप म्हणजे डिस्क कूटबद्ध करणं, लिनक्सवर त्याची रीत लुक्स. पण ते मालकालाही ओळखत नाही. तो पासवर्ड विसरलात तर वरची कृती निरुपयोगी, कारण बॅशच मुळी कुलपाच्या आत असतं. लुक्सच्या दुसऱ्या आवृत्तीत एका डिस्कला ३२ किल्ल्या ठेवता येतात. दुसरी किल्ली आधीच करून ठेवली असेल तरच सुटका.

लुक्स कसं बसवायचं ते पुढच्या आठवड्यात पाहू. तोवर महत्त्वाच्या फायलींची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवा, कारण आपण चालू डिस्क पुसणार आहोत.