आज्ञेचा स्वीकार आणि कनिष्ठांचे मौन

कार्यालयातील वा कारखान्यातील नेतृत्वाचा विचार करताना उत्तम नेता म्हणजे उत्तम बोलणारा, असे गृहीत धरण्याची प्रवृत्ती सर्वत्र आढळते. आज्ञा सुस्पष्ट असावी, स्वरात निश्चय असावा, शब्द मोजके असावेत; एवढे साधले की संदेश पोहोचला, अशी ही समजूत आहे. संघटनाविषयक चिंतनाने गेल्या शतकभरात ही समजूत जवळजवळ उलटी करून टाकली आहे. संदेशाचे भवितव्य बोलणाऱ्याच्या मुखात ठरत नसून ऐकणाऱ्याच्या मनात ठरते; आणि वरून खाली गेलेल्या शब्दापेक्षा खालून वर न आलेला शब्द कित्येकदा अधिक घातक असतो.

मेरी पार्कर फॉलेट या अमेरिकन विदुषीने १९२५ साली न्यूयॉर्क येथे दिलेल्या एका व्याख्यानात आज्ञा देण्याच्या क्रियेचेच विश्लेषण केले. एका व्यक्तीने दुसरीस हुकूम सोडावा हे तिला मान्य नव्हते. दोघांनी मिळून परिस्थितीची मागणी कोणती हे शोधावे आणि त्या मागणीचीच आज्ञा दोघांनी पाळावी, असे तिचे म्हणणे. यास तिने ‘परिस्थितीचा नियम’ म्हटले.

चेस्टर बर्नार्ड यांची भूमिका याहून अधिक व्यावहारिक आहे. ते न्यू जर्सी बेल टेलिफोन कंपनीचे अध्यक्ष होते. त्यामुळे त्यांचे लेखन अभ्यासिकेतून नव्हे, तर अधिकाऱ्याच्या खुर्चीतून झालेले आहे. १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द फंक्शन्स ऑफ द एक्झिक्युटिव्ह’ या ग्रंथात त्यांनी असे प्रतिपादन केले की, अधिकार हा आज्ञा देणाऱ्याच्या ठायी नसून ती स्वीकारणाऱ्याच्या संमतीत वसतो. ही संमती मिळण्यास आज्ञा समजली पाहिजे. संस्थेच्या उद्दिष्टाशी ती विसंगत वाटता कामा नये. स्वीकारणाऱ्याच्या हिताशी ती एकंदरीत जुळली पाहिजे. आणि ती पार पाडण्याचे शारीरिक व मानसिक सामर्थ्य त्याच्यापाशी असले पाहिजे. यांपैकी पहिली अट वाटते तितकी क्षुल्लक नाही. परिपत्रकांच्या भाषेचा ज्यांस अनुभव आहे त्यांस हे वेगळे सांगावयास नको. अर्थात प्रत्येक आज्ञेची अशी छाननी कोणी करीत बसत नाही. पुष्कळशा आज्ञा कर्मचारी फारसा विचार न करता पाळतो. अशा आज्ञांच्या कक्षेस बर्नार्ड ‘उदासीनतेचे क्षेत्र’ म्हणतात, आणि संस्थेचे दैनंदिन कामकाज त्याच्याच बळावर सुरळीत चालते.

मात्र यातूनच एक बिकट प्रश्न निघतो. उदासीनतेतून आलेले मौन आणि संकोचातून वा भीतीतून आलेले मौन बाहेरून सारखेच दिसते. वरिष्ठ दोहोंनाही संमती समजतो.

२८ डिसेंबर १९७८ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड येथे झालेला विमान-अपघात हे याचे एक भीषण उदाहरण होय. युनायटेड एअरलाइन्सच्या डीसी-८ विमानाची चाके खाली सोडताना मोठा धक्का जाणवला आणि ती जागी बसल्याची खूण करणारा दिवा लागला नाही. विमानप्रमुखाने सुमारे तासभर घिरट्या घालीत दोषाचा शोध घेतला व प्रवाशांना आणीबाणीच्या अवतरणासाठी सज्ज करविले. दरम्यान इंधन संपत होते. विमान-अभियंत्याला ते दिसत होते. आणखी पंधरा मिनिटांत ते फारच कमी होईल, असे त्याने बोलूनही दाखविले. परंतु आता तत्काळ उतरलेच पाहिजे, असा निर्वाणीचा शब्द वेळेवर निघाला नाही. इंधनाअभावी एंजिने बंद पडली आणि विमान धावपट्टीपासून सुमारे सहा नाविक मैलांवर वस्तीत कोसळले. विमानातील १८९ जणांपैकी १० मृत्यू पावले. त्यांत तो अभियंताही होता. चाके वस्तुतः जागी घट्ट बसलेली होती, हे मागाहून तपासात आढळले.

राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने मुख्य दोष विमानप्रमुखाकडे दिला. पण इतर दोघांना इंधनस्थितीचे गांभीर्य पुरते उमगले नाही, किंवा आपली चिंता प्रमुखापर्यंत पोहोचविता आली नाही, हेही एक साहाय्यक कारण म्हणून नोंदविले. त्याला अनुसरून मंडळाची शिफारसही दुहेरी होती: प्रमुखांना सहभागी व्यवस्थापनाचे शिक्षण द्यावे आणि इतरांना आपले म्हणणे ठामपणे मांडण्याचे. ही दुहेरी योजना मर्मग्राही आहे. केवळ ‘निर्भयपणे बोला’ असा उपदेश कनिष्ठांस करणे म्हणजे वरिष्ठांच्या कर्तव्याचा भार त्यांच्या खांद्यावर टाकणे होय. भाषाही मौनास हातभार लावते. ‘साहेब, इंधनाकडे जरा लक्ष दिलेले बरे’ हे मराठी वाक्य शिष्टाचारास सर्वस्वी धरून आहे. परंतु त्यातील इशारा आदराच्या आवरणात असा गुंडाळला गेला आहे की, दुसऱ्या चिंतेत गढलेल्या कानास तो नित्याचा उपचार वाटावा.

युनायटेडने १९८१ साली आपल्या वैमानिकांसाठी या प्रकारचे शिक्षण सुरू केले. त्याची पद्धती रॉबर्ट ब्लेक व जेन मूटन यांनी उद्योगसंस्थांतील अधिकाऱ्यांसाठी चालविलेल्या शिबिरांवरून घेतलेली होती. काही वैमानिकांनी या शिक्षणाची ‘गोड बोलण्याची शाळा’ अशा अर्थाची थट्टा केली, यात नवल नाही. १९ जुलै १९८९ रोजी याच कंपनीच्या डीसी-१० विमानाची तिन्ही जलदाब-यंत्रणा एकाच वेळी निकामी झाल्या. तेव्हा प्रमुख अल हेन्स यांनी प्रवासी म्हणून बसलेल्या एका प्रशिक्षक वैमानिकाला पुढे घेऊन एंजिनांची शक्ती कमी-अधिक करण्याचे काम सोपविले आणि सर्वांच्या सूचना ऐकत विमान सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणले. २९६ पैकी १८४ जण वाचले. या शिक्षणाचा आपणास उपयोग झाला, असे हेन्स पुढे सांगत असत.

विमानात चूक लपून राहत नाही. कार्यालयात व रुग्णालयात ती वर्षानुवर्षे लपू शकते. एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतील औषधे देण्यातील चुकांचा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध केला. ज्या परिचारिका-गटांचे नेतृत्व चांगले, तेथे चुका कमी आढळतील, अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात अशा गटांत नोंदलेल्या चुका अधिक निघाल्या. त्याचा उलगडा त्यांनी असा केला की, तेथे चुका अधिक होत नव्हत्या. त्या अधिक मोकळेपणाने सांगितल्या जात होत्या. मग ज्या विभागाच्या वार्षिक अहवालात एकही चूक नोंदलेली नाही, त्याच्या प्रमुखाविषयी कोणते अनुमान काढावयाचे, हे अहवालावरून ठरविता येत नाही.