मिळेल त्या भागांतून

गिटारचे ॲम्प्लिफायर आणि पेडल घरी बांधणाऱ्यांच्या जगात सध्या हुबेहूब नकलेला सर्वांत वरचा मान आहे. साठ वर्षांपूर्वीच्या ॲम्पमध्ये होता त्याच कंपनीचा कपॅसिटर, तशीच कापडी वेष्टणाची वायर, त्याच कारखान्यातून निघालेला आणि आजवर खोक्यातच पडून राहिलेला व्हॉल्व्ह. बाकी सगळ्या सर्किटला लागत नाहीत एवढे पैसे लोक अशा एकेका भागासाठी मोजतात, आणि यालाच परंपरा म्हणतात. माझा या म्हणण्याला ठाम विरोध आहे. आज ज्या आवाजांची नक्कल चालते त्यांतले कितीतरी आवाज दुसऱ्याचे सर्किट समोर ठेवून, हाताशी असलेले भाग त्यात बसवून आणि मग कानाने निवड करून मिळालेले आहेत. या कामाची खरी परंपरा बदल करण्याची आहे, आणि ती आपण आपल्या हातांनी मोडीत काढतो आहोत.

सर्वांत मोठा पुरावा लंडनच्या हॅनवेल भागातला. जिम मार्शल हे ड्रमवादक आणि ड्रमचे शिक्षक. त्यांनी १९६० मध्ये तिथे वाद्यांचे दुकान काढले. फेंडरचे अमेरिकन ॲम्प गिऱ्हाइकांना हवे असत, पण ते फार महाग पडत. तेव्हा दुरुस्तीचे काम पाहणारे केन ब्रॅन आणि तरुण डडली क्रेव्हन यांनी फेंडरचा बासमन, म्हणजे ५एफ६-ए हे सर्किट, पुढ्यात ठेवून १९६२ मध्ये बांधणी सुरू केली. आराखडा जवळजवळ तोच राहिला, भाग मात्र बदलले. पहिल्या जागेवरच्या १२एवाय७ व्हॉल्व्हऐवजी ईसीसी८३ आला. पहिल्याचा ॲम्प्लिफिकेशन फॅक्टर चाळीसच्या आसपास, दुसऱ्याचा १००, म्हणजे सिग्नल सुरुवातीलाच अधिक वाढला. ट्रान्सफॉर्मर इंग्लंडमधले, पॉवर व्हॉल्व्ह थोड्याच काळात केटी६६. फेंडरचे १० इंची चार जेन्सन स्पीकर उघड्या पाठीच्या पेटीत होते. मार्शलने १२ इंची चार सेलेश्चन बंद पेटीत बसवले. जेटीएम४५ नावाच्या या ॲम्पचा आवाज लवकर फाटू लागला, भरदार झाला, आणि बेस गिटारसाठी आखलेल्या सर्किटातून इंग्लिश रॉकचा आवाज निघाला. खुद्द लिओ फेंडर फुलर्टनमधले रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ. त्यांच्या सुरुवातीच्या सर्किटांचे व्हॉल्व्ह-कंपन्यांच्या माहितीपुस्तकांतल्या नमुन्यांशी असलेले नाते सहज ओळखू येते.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. हे बदल नाइलाजाने झाले, हवे ते मिळाले असते तर त्यांनीही तेच वापरले असते, असा. नड होती हे मान्य. पण नड फक्त पर्याय पुढे करते. त्यांतला कोणता ठेवायचा हे माणूस ठरवतो. आणि नड सरल्यावर काय झाले तेही पाहावे. कंपनी नावारूपाला आली, पैसा आला, तेव्हा मार्शल मूळ बासमनकडे परत गेला नाही. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याने केटी६६ही सोडला आणि ईएल३४ धरला. नाइलाजच खरा असता तर वाट उलट दिशेने गेली असती.

दुसरा दाखला क्वीन या बँडचा. ब्रायन मे याने वडिलांच्या मदतीने १९६३ पासून घरी बांधलेल्या गिटारची कथा सर्वांना ठाऊक आहे; जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड, मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा. मला जास्त मोलाचा वाटतो तो जॉन डीकनने बांधलेला छोटा ॲम्प. लंडनमध्ये कचऱ्यात टाकलेले जर्मेनियम ट्रान्झिस्टरचे एक बोर्ड त्याने उचलले आणि शेल्फवर ठेवायच्या स्पीकरच्या खोक्यात बसवले. हा ॲम्प ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो आणि वॉटभराचीही ताकद त्यात नाही. १९७५ च्या ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’मधल्या ‘गुड कंपनी’ या गाण्यात जॅझ बँडसारखी वाद्ये ऐकू येतात. ती मेच्या गिटारने याच खोक्यातून काढलेली आहेत. त्या बोर्डाची निवड कोणत्याही यादीतून झालेली नव्हती. पुढची किटची लाट, पाया कंपनीचे संच, क्रेग अँडरटनचे १९७५ चे पुस्तक, या सगळ्यांनी हजारो हातांना सोल्डरिंग शिकवले. त्यांचे ऋण मानून पुढे जातो, कारण माझा जीव ज्यात आहे ते सर्किट त्याआधीचे आहे.

ते म्हणजे १९६६ चे फज फेस पेडल. दोन जर्मेनियम ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, दोन पॉट. अकरा भागांत एवढा आवाज भरलेले दुसरे सर्किट मला माहीत नाही, आणि हुबेहूब नकलेचा फोलपणा याच्याइतका दुसरीकडे कुठे उघडा पडत नाही. जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरवर छापलेल्या नंबराला फारसा अर्थ नसतो. एकाच खोक्यातल्या दोन एसी१२८मध्ये गेन दुपटीने वेगळा असू शकतो, आणि शिवाय गळती असते, म्हणजे बेसला काहीही न देता वाहणारा करंट. ही गळती मीटरला गेनसारखीच दिसते, म्हणून दोन्ही वेगळे मोजावे लागतात. एमिटर ९ व्होल्टच्या पॉझिटिव्हला, कलेक्टर २.४ किलोओहममधून निगेटिव्हला. बेस मोकळा ठेवून त्या रेझिस्टरवरचे व्होल्टेज पाहावे, ती गळती. मग बेसला २.२ मेगओहममधून निगेटिव्हला जोडावे, म्हणजे बेसमधून सुमारे ४ मायक्रोॲम्पियर वाहतात. आता व्होल्टेज जेवढे वाढले त्याला १०० ने गुणले की खरा गेन साधारण कळतो. पहिल्या जागी सत्तरच्या आणि दुसऱ्या जागी १२०च्या आसपासचा ट्रान्झिस्टर निवडावा, दुसऱ्याच्या कलेक्टरवर साडेचार व्होल्ट येतील असा रेझिस्टर लावावा, आणि मग फरक ऐकावा. गिटारचा व्हॉल्यूम थोडा कमी केला की हा फज जवळजवळ स्वच्छ वाजतो. तो गुण या मोजमापातून येतो, छापलेल्या नंबरातून येत नाही.

आपल्याकडे तर नक्कल मुळातच टिकत नाही, कारण जर्मेनियमची गळती तापमान दहा अंश वाढले की साधारण दुप्पट होते. लंडनच्या २० अंशांत १०० मायक्रोॲम्पियर गळणारा ट्रान्झिस्टर ४० अंशांत ४०० गळेल, आणि मे महिन्यात नागपूरला पारा याही पुढे जातो. इंग्लंडमधल्या मूळ किमतीचा रेझिस्टर प्रामाणिकपणे लावणाऱ्याचा फज विदर्भाच्या उन्हाळ्यात घुसमटणार, आणि दोष मात्र ट्रान्झिस्टर ‘अस्सल’ नसल्यावर जाणार. इथे गळती कमी असलेले नग वेचून घेणे आणि दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवरच्या ८.२ किलोओहमच्या जागी प्रीसेट बसवणे हेच शहाणपण. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेले एसी१२८ एके काळी इथल्या रेडिओंमध्ये सर्रास असत. मोजून घेतले तर त्यांतूनही उत्तम जोडी निघते. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत जुना माल चाळायची ज्याची तयारी आहे, त्याने परदेशी लिलावांकडे डोळे लावून बसण्याचे कारण नाही.

गिटारच्या आतल्या सर्किटाबद्दल तर अंधश्रद्धाच पसरली आहे. टोनच्या पॉटवर तेलकागदी कपॅसिटर लावला की आवाज ऊबदार होतो, असे जाणकार म्हणवणारे सांगतात. हिशेब करून पाहू. टोन पूर्ण उघडा असताना सिग्नलला २५० किलोओहमच्या पॉटमधून त्या कपॅसिटरकडे जावे लागते. ०.०२२ मायक्रोफॅरडचा अडथळा ४ किलोहर्ट्झला १,८०० ओहमच्या आसपास भरतो, म्हणजे पॉटच्या एक टक्क्याहूनही कमी. कपॅसिटर कशाचा आहे हे तिथे ऐकू येणार तरी कसे? टोन कमी केल्यावर त्याची किंमत नक्की ऐकू येते, पण जुने कपॅसिटर छापील किमतीपासून बरेच सरकलेले असतात आणि ऐकू येणारा फरक त्या सरकण्याचा असतो. ज्या गोष्टीने आवाज खरोखर बदलतो ती केबल मात्र कुणाच्या खिजगणतीत नाही. पिकअपचे इंडक्टन्स अडीच हेन्री धरा. केबल धरून एकूण कपॅसिटन्स ६०० पिकोफॅरड असेल तर आवाजाचा उठाव ४.१ किलोहर्ट्झवर येतो. लांब केबलने तो १,००० पिकोफॅरड झाला तर उठाव ३.२ किलोहर्ट्झपर्यंत खाली सरकतो. हा फरक कुणालाही ऐकू येईल, आणि त्यासाठी चार मीटर केबल बदलणे पुरते.

नवशिक्याने आधी नक्कलच करावी, असे म्हणणाऱ्यांशी माझा वाद नाही. पहिले बांधकाम चालू झालेच पाहिजे, आणि तपासलेला आराखडा त्याला आधार देतो. माझी तक्रार पाचव्या-सहाव्या बांधकामालाही नक्कलच करणाऱ्यांबद्दल आहे. जुन्या ॲम्पचा हुबेहूब आवाज हेच ध्येय असेल, तर संगणकावरचे मॉडेलिंग ते काम आज स्वस्तात आणि फारच चांगले करते. नकलेच्या पुरस्कर्त्यांकडे याला उत्तर नाही. हाताने बांधणाऱ्याकडे आहे, पण ते भाग बदलून पाहण्याच्या मोकळिकीतच आहे. ही मोकळीक आता विकणारेही आवळत आहेत. सर्किटावर काळे एपॉक्सी ओतून ते झाकणे ही कित्येक महागड्या पेडलची रीत झाली आहे, आणि फेंडरच्या काळात दुरुस्ती करणाऱ्याच्या हाती सहज येणारा सर्किटचा नकाशा आता मागूनही मिळत नाही.

बदल करणे धोक्याचे असते, हा आक्षेप मात्र पूर्णपणे खरा आहे. व्हॉल्व्ह ॲम्पमध्ये ३०० व्होल्टच्या वर दाब असतो आणि मेन बंद केल्यावरही फिल्टर कपॅसिटर तो धरून ठेवतात. ते रिकामे झाल्याचे मीटरने पाहिल्याशिवाय आत हात घालू नये. पण हुबेहूब बांधूनही इथे सुरक्षितता मिळत नाही. फेंडरचा ५एफ१ चँप घ्या : तीन व्हॉल्व्ह, पाचेक वॉट, शिकण्यासाठी याहून चांगला ॲम्प नाही. त्याचा मूळ ट्रान्सफॉर्मर अमेरिकेच्या ६० हर्ट्झसाठी आखलेला; आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, म्हणजे वाइंडिंगही वेगळे आणि कोअरही मोठा हवा. ५वाय३ हा रेक्टिफायर व्हॉल्व्ह न मिळाल्याने सिलिकॉन डायोड लावले तर दाब वाढतो. मूळ आराखड्यातच ६व्ही६ या पॉवर व्हॉल्व्हच्या कॅथोडवर ४७० ओहम आणि १९ व्होल्ट, म्हणजे ४० मिलिॲम्पियर, आणि तो व्हॉल्व्ह तेव्हाच आपल्या मर्यादेच्या कडेला चालतो. वाढलेल्या दाबावर तोच रेझिस्टर ठेवणे म्हणजे व्हॉल्व्ह जाळणे. तिथे ५६० लावावा, कॅथोडचे व्होल्टेज मोजून करंट काढावा, जास्त वाटला तर ६८०वर जावे, आणि या दोन्हींतला कोणता ठेवायचा ते गिटार जोडून ठरवावे.