चौंडीचे सभापती

23 नोव्हेंबर 2024 रोजी विधानसभा निवडणुकीचे निकाल लागले. भाजपने राज्यात 132 जागा जिंकल्या. त्याच दिवशी कर्जत-जामखेडमध्ये मात्र या पक्षाचे माजी मंत्री प्रा. राम शिंदे 1,243 मतांनी हरले. रोहित पवार यांना 1,27,676 मते होती, शिंदे यांना 1,26,433. त्यानंतर सव्विसाव्या दिवशी, 19 डिसेंबरला, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात हेच शिंदे विधान परिषदेच्या सभापतिपदी बिनविरोध निवडून आले. रामराजे नाईक-निंबाळकर यांची मुदत जुलै 2022 मध्ये संपल्यापासून हे आसन रिकामेच होते आणि सभागृहाचे काम उपसभापती नीलम गोऱ्हे चालवत होत्या.

मतदारांनी नाकारलेला आणि पक्षाने उचलून धरलेला हा लोकप्रतिनिधी कोणत्या मातीत घडला, हे पाहायचे तर नगर जिल्ह्याचे दोन भाग वेगळे करून पाहावे लागतात.

उत्तरेत 1926 साली भंडारदरा धरण पूर्ण झाले. कालव्यांमागून ऊस आला. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून लोणी-प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. कारखान्याच्या पाठोपाठ बँक आली, दूध संघ आला, शिक्षण संस्था आली आणि या सगळ्यांच्या जोरावर आमदारकीही आली. विखे, थोरात, काळे, कोल्हे ही घराणी याच वाटेने मोठी झाली.

दक्षिणेत असा पाया नव्हता. कर्जत आणि जामखेड हे कायमचे अवर्षणप्रवण तालुके. टँकर, चारा छावणी, रोजगार हमीची कामे आणि ऊसतोडीसाठी होणारे स्थलांतर हे इथल्या दोन-तीन पिढ्यांनी जवळून पाहिलेले आहे. कुकडी प्रकल्पाची धरणे पुणे जिल्ह्यात आहेत. त्याचा डावा कालवा पारनेर, श्रीगोंदा ओलांडून कर्जतला येतो आणि पुढे करमाळ्याकडे जातो. पाण्याचे आवर्तन सुटले, पण टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला, पाणी पोहोचले नाही, ही कर्जतची जुनी तक्रार. वरच्या तालुक्यांतल्या नेत्यांचे वजन जास्त असेल तर खालच्याच्या वाट्याला उरलेले पाणी येते.

अशा भागात भाजपने पाय रोवले ते कारखान्याविना. शेटजी-भटजींचा पक्ष ही जनसंघाच्या काळापासून चिकटलेली ओळख पुसण्यासाठी ऐंशीच्या दशकात वसंतराव भागवत यांनी माळी, धनगर, वंजारी या समाजांतून नेतृत्व उभे करायचे ठरवले. ‘माधव’ या नावाने ते सूत्र प्रसिद्ध झाले आणि गोपीनाथ मुंडे त्याचा चेहरा बनले. नगर जिल्ह्याच्या दक्षिण भागाला बीडची सीमा लागून असल्याने मुंडे यांच्या राजकारणाची ऊब जामखेड, पाथर्डीपर्यंत जाणवायची. राम शिंदे याच प्रवाहातून वर आले.

त्यांचे गाव चौंडी. सीना नदीच्या काठावरचे, जामखेड तालुक्यातले. 31 मे 1725 रोजी माणकोजी शिंदे पाटलांच्या घरी अहिल्यादेवींचा जन्म इथेच झाला. राम शिंदे त्याच घराण्याचे वंशज म्हणून ओळखले जातात. विज्ञान शाखेतली पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. करून ते अध्यापनात गेले, म्हणून नावाआधीचे ‘प्रा.’ आजही कायम आहे. राजकारणाची सुरुवात गावच्या सरपंचपदापासून झाली. मतदारसंघ पुनर्रचनेनंतर कर्जत-जामखेड हा नवा मतदारसंघ तयार झाला आणि 2009 मध्ये ते पहिल्यांदा विधानसभेत पोहोचले. 2014 मध्ये पुन्हा निवडून आले आणि देवेंद्र फडणवीस यांच्या मंत्रिमंडळात गृह खात्याचे राज्यमंत्री झाले.

जुलै 2016 मध्ये त्यांना कॅबिनेट मंत्रिपद मिळाले आणि पंकजा मुंडे यांच्याकडचे जलसंधारण खाते त्यांच्याकडे आले. पंकजा यांनी आपली नाराजी जाहीरपणे व्यक्त केली. मुंडे यांच्या तालमीतल्या कार्यकर्त्याच्या हाती मुंडे यांच्या कन्येचे खाते जाणे दोघांनाही अवघड होते. त्याच महिन्यात कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीत अल्पवयीन मराठा मुलीवर अत्याचार करून तिची अमानुष हत्या झाली. शिंदे हे स्थानिक आमदार आणि जिल्ह्याचे पालकमंत्री. त्या संतापातून ऑगस्टपासून राज्यभर मराठा मूक मोर्चे निघाले आणि महाराष्ट्राच्या राजकारणाची भाषाच बदलली. कर्जत-जामखेडची सामाजिक वीणही त्यानंतर पहिल्यासारखी राहिली नाही.

जलसंधारण मंत्री म्हणून त्यांच्याकडे आलेली मोठी जबाबदारी म्हणजे जलयुक्त शिवार अभियान. दरवर्षी पाच हजार गावे टंचाईमुक्त करायची आणि 2019 पर्यंत महाराष्ट्र दुष्काळमुक्त करायचा, हे त्याचे उद्दिष्ट. नाला खोलीकरण, बंधारे, शेततळी, गाळ काढणे अशी कामे गावोगाव झाली. अनेक शिवारांत पहिल्या पावसानंतर पाणी थांबलेले लोकांनी पाहिले. पण महालेखापरीक्षकांच्या 2020 च्या अहवालाने 9,633.75 कोटी रुपये खर्च होऊनही भूजलपातळीत अपेक्षित फरक पडला नाही, असे नोंदवले. भाजपने हा निष्कर्ष मान्य केला नाही. दोन्ही बाजू लक्षात घेतल्या तरी कर्जत-जामखेडच्या शेतकऱ्याला मोजता येणारी गोष्ट एकच उरते: एप्रिल-मे महिन्यात विहिरीला पाणी आहे की नाही. दुष्काळी तालुक्यातल्या मंत्र्याची कारकीर्द याच मापाने तोलली पाहिजे आणि त्या मापाला सूट देऊ नये.

2019 ला बारामतीहून रोहित पवार आले. त्यांच्यामागे पवार घराण्याचे नाव होते, साखर उद्योगाचे बळ होते आणि कामाचा झपाटा होता. शिंदे 43,347 मतांनी हरले. जिल्ह्यातल्या बारा जागांपैकी 2014 मध्ये भाजपकडे पाच होत्या, त्या तीनवर आल्या. निवडणुकीआधी विखे पक्षात आले, त्याचा उपयोग होण्याऐवजी तोटाच झाला, अशी जाहीर तक्रार शिंदे यांनी तेव्हा केली. उत्तरेची घराणी आणि दक्षिणेचा कार्यकर्ता हा जुना ताण आता एकाच पक्षात आला होता.

पक्षाने त्यांना 2022 मध्ये विधान परिषदेवर घेतले. ते मतदान 20 जूनला झाले आणि त्याच रात्री एकनाथ शिंदे शिवसेनेत बंड करून सुरतेकडे निघाले. सरकार बदलले आणि राम शिंदे पुन्हा सत्तेच्या बाजूला आले. मतदारसंघातली चुरस थांबली नाही. कर्जतच्या एमआयडीसीची जागा कोणती, श्रेय कोणाचे, यावरून दोन्ही आमदारांत वर्षभर खडाजंगी चालली. 43 हजारांची तूट भरून काढून ते 1,243 पर्यंत आले, हे त्या पाच वर्षांच्या चिकाटीचे फळ होते. मित्रपक्षाच्या अजित पवार यांनी आपल्यासाठी सभा घेतली नाही, हा ठरवून केलेला कट होता, असा आरोप त्यांनी पराभवानंतर केला.

अमेरिकेतला उजव्या विचारांचा लोकप्रतिनिधी साधारणपणे कर कमी करा, सरकार आवरते घ्या, असे सांगत मते मागतो. नगर दक्षिणेतला उजव्या पक्षाचा आमदार तसे म्हणू शकत नाही. त्याला सरकारकडून धरण हवे असते, आवर्तन हवे असते, एमआयडीसी हवी असते. त्याचे उजवेपण दिसते ते परंपरेच्या अभिमानात. काशी विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभारणाऱ्या अहिल्यादेवी या राजकारणाचे सर्वांत मोठे प्रतीक ठरल्या, ते त्यामुळेच. 31 मे 2023 रोजी चौंडीच्या जयंती सोहळ्यात जिल्ह्याच्या नामांतराची घोषणा झाली आणि ऑक्टोबर 2024 मध्ये अहमदनगर अधिकृतपणे अहिल्यानगर झाले. 6 मे 2025 रोजी मंत्रिमंडळाची बैठकच चौंडीत भरली आणि स्मृतिस्थळासाठी 681 कोटी 32 लाखांचा आराखडा मंजूर झाला.

स्मारकाचा निधी आला, नाव आले; धनगर समाजाचा आरक्षणाचा प्रश्न मात्र अजून तिथेच आहे. या समाजाला भटक्या जमाती ‘क’ प्रवर्गात साडेतीन टक्के आरक्षण आहे. मागणी अनुसूचित जमातीच्या सवलतींची आहे. सप्टेंबर 2023 मध्ये यशवंत सेनेने त्यासाठी चौंडीतच उपोषण केले, तेव्हा सरकार आणि आंदोलक यांच्यात बोलणी घडवणाऱ्यांत शिंदेही होते.

विधान परिषदेत 78 सदस्य. त्यांपैकी 30 विधानसभेतून, 22 स्थानिक स्वराज्य संस्थांतून, सात पदवीधरांतून, सात शिक्षकांतून येतात आणि बारा राज्यपाल नेमतात. हे सभागृह पराभूतांची सोय लावण्यासाठी आहे, अशी टीका जुनी आहे. तिला उत्तर द्यायचे तर आसनावरून होणाऱ्या कामातूनच द्यावे लागेल. ऑगस्ट 2025 मध्ये विरोधी पक्षनेते अंबादास दानवे यांची मुदत संपली, काँग्रेसने सतेज पाटील यांचे नाव पुढे केले आणि निर्णय सभापतींच्या हाती आला. सत्ताधाऱ्यांचे बहुमत एवढे मोठे असताना विरोधकांना त्यांचे स्थान आणि बोलण्याची वेळ देणे, हे आज या पदाचे पहिले कर्तव्य आहे. परिषदेतली शिंदे यांची मुदत जुलै 2028 पर्यंत आहे. तोवर कर्जतच्या टेलला कुकडीची किती आवर्तने पुरेशा दाबाने पोहोचतात, याचा हिशेबही मतदारसंघ त्यांच्याकडेच मागणार आहे.